खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यपेटीतील पाण्याची निगा

शहापूर तालुक्यातील आटगाव हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील व मुंबई-नाशिक महामार्गालगतचे गाव होय. येथील खाचरे भाताची, वरकस जमीन नागली-वरईची आणि सारी शेती पावसाच्या भरवशावरची. समुद्राशी या भागाचा संबंध बहुतांशी आठवड्याच्या बाजारात येणाऱ्या सुक्या मासळीपुरताच. तथापि रेल्वेने मुंबई दोन-अडीच तासांवर असल्यामुळे तेथील महात्मा फुले मंडईच्या परिसरातील दुकानांतून शोभेचे समुद्री मासे पिशवीत भरून घरी आणणे आज अवघड राहिलेले नाही. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन मासा पाहून मुले हरखतात, वडीलधारे पैसे काढून देतात, काचेची पेटी येते, आणि मग बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. आठवड्याच्या आत पेटी रिकामी होते.

अशा वेळी हौशी मनुष्य दुकानदारास दोष देतो, किंवा माशास रोग होता असे समजून औषधांच्या बाटल्या आणतो. वस्तुतः दहापैकी नऊ वेळा दोष पाण्यात असतो. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे अथवा शेततळ्यातील रोहू-कटला पाण्यातील पुष्कळ चढउतार सोसतात. समुद्रातील प्राण्यांचे तसे नाही. समुद्राचे पाणी वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच स्थितीत असते. त्यामुळे त्यात वाढलेल्या जिवांना बदल सोसण्याची सवयच नसते. शंभर लिटरांच्या पेटीत समुद्राचे हे स्थैर्य टिकविणे, हेच या छंदातील खरे काम आहे. ग्रामसेवकांस या विषयाची माहिती असावी, याचे आणखी एक कारण असे की, यातील बहुतेक तत्त्वे भाताच्या खाचरात, शेणखताच्या खड्ड्यात व मत्स्यतळ्यात जी चालतात तीच आहेत. जो शेतकरी युरिया केव्हा व कसा द्यावा हे जाणतो, त्यास पेटीचे रसायन समजण्यास अडचण पडू नये.

प्रथम कायद्याची एक गोष्ट

परदेशी पुस्तकांत व चित्रांत दिसणाऱ्या पेट्यांमध्ये जिवंत प्रवाळांचे ताटवे असतात. तशी पेटी आपल्याकडे मांडण्याच्या भरीस पडू नये. खडक बांधणारी सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ, समुद्रपंखे तसेच समुद्रघोडे यांना २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. ती पकडणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे, आणि दुकानदार चोरून देतो म्हणून तो गुन्हा नाहीसा होत नाही. प्रवाळाचे मृत तुकडे ‘समुद्री दगड’ या नावाने विकले जातात. त्यांनाही हात लावू नये. महाराष्ट्राच्या वाट्यास प्रवाळ फार थोडे आले आहे. मालवणच्या किनाऱ्यालगत, जेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले, आणि विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवरील आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर ते आढळते. एवढी ठेव दिवाणखान्यासाठी खरवडून आणणे शहाणपणाचे नव्हे.

प्रवाळ नसले तरी पेटीची शोभा कमी होत नाही. क्लाऊन माशांची बंदिस्त पैदास भारतात साध्य झालेली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यावर पुष्कळ काम केले, आणि ठाणे खाडीकाठी ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही अशी पैदास हाती घेण्यात आली. पैदास केंद्रातील मासे समुद्रातून पकडून आणलेल्या माशांपेक्षा काटक असतात, बारीक गोळी-खाद्य पहिल्या दिवसापासून खातात आणि नवख्याच्या चुका थोड्याफार सोसतात. सबब खरेदी करताना मासा पैदाशीचा आहे काय, हा प्रश्न पहिल्याने विचारावा.

खडकाऐवजी नव्या, न रंगविलेल्या मडक्याची जाड खापरे रचावीत. भाजलेली माती सच्छिद्र असते व उपयुक्त जिवाणूंस तीत भरपूर आसरा मिळतो. क्लाऊन माशाची जोडी जमल्यास ती अशाच खापरावर अंडी घालते. तळाशी कुक्कुटपालनासाठी विकली जाणारी शिंपल्यांची भरड, खळखळून धुऊन, बोटभर पसरावी. ती चुन्याचीच असल्यामुळे पाणी आम्लतेकडे झुकू लागल्यास थोडीथोडी विरघळून त्यास आळा घालते.

गोडे पाणी कोठून आणावे

पेटीतील खारे पाणी हे गोड्या पाण्यात तयार क्षारमिश्रण विरघळवून करावयाचे असते. तेव्हा मूळ गोडे पाणी जितके शुद्ध तितके उत्तम. आटगाव परिसरात येथेच पहिली अडचण येते. तानसा व भातसा ही मुंबईस पाणी पुरविणारी धरणे याच तालुक्यात आहेत. तानसाचे धरण तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आले आहे. तरीही उन्हाळ्यात तालुक्यातील कित्येक पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. जेथे माणसांना हंडाभर पाण्यासाठी रांग लावावी लागते, तेथे छंदासाठी पाणी वाया घालविणे कोणास रुचणार नाही. शहरातील हौशी लोक आर. ओ. यंत्राचे पाणी वापरतात. परंतु त्या यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी मिळेतो दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकले जाते. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे, त्यांनी ते बाहेर पडणारे पाणी निदान भांडी घासण्यास वापरावे.

याहून चांगली तजवीज निसर्गानेच करून ठेवली आहे. कोकणपट्टीचा पाऊस हे जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणीच होय. आता हिशेब पाहावा. शंभर लिटरांच्या पेटीत दर आठवड्यास दहा लिटर पाणी बदलावयाचे, तर ऑक्टोबर ते मे या पस्तीस आठवड्यांस ३५० लिटर लागतात. बाष्पीभवनाची भर म्हणून रोज सरासरी दीड लिटर धरल्यास त्याच मुदतीत आणखी ३७० लिटरांच्या आसपास लागतील. म्हणजे दोनशे लिटरांची चार पिंपे भरून ठेवली की पावसाळ्यापर्यंतची चिंता मिटते. दहा चौरस मीटरांचे स्वच्छ प्लॅस्टिकचे कापड अंगणात चार खुंट्यांना ताणून बांधले आणि मध्यभागी उतार दिला, तर एक मिलिमीटर पावसात दहा लिटर पाणी मिळते. ७५-८० मिलिमीटर पाऊस शहापूर तालुक्यात जुलैच्या एखाद्या दिवशीच पडून जातो.

यात काळजी एवढीच की, मृगाच्या पहिल्या काही सरी सोडून द्याव्यात. त्यांत हवेतील धूळ व महामार्गावरील धूर उतरतो. पत्र्याच्या छपराचे पाणी मुळीच धरू नये. पत्र्यावरील जस्ताचा मुलामा पाण्यात उतरतो आणि तो शंख, कोळंबी यांसारख्या प्राण्यांस विषारी असतो. पिंप पूर्वी औषधाचे वा खताचे नसावे. खाद्य तेलाचे वा पाण्याचेच असावे. तोंडावर झाकण व त्याखाली दाट फडके घट्ट बांधावे, नाही तर तेच पिंप डासांचे आगर बनते आणि आरोग्य सेवक दंड करील तो निराळाच.

पावसाचे पाणी साठविता आले नाही व नळाचे किंवा विहिरीचेच वापरावे लागले, तर ग्रामपंचायतीकडून त्यात टी.सी.एल. पावडर पडलेली असते, हे विसरू नये. पावडरीतील क्लोरीन माणसास उपकारक, परंतु माशाच्या कल्ल्यांस घातक. असे पाणी उघड्या टबात हवेचा पंप लावून दोन दिवस खेळवावे आणि मग ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक जी ओ. टी. चाचणी करतात तीच करून पाहावी. पाण्यास पिवळी झाक मुळीच न आल्यास क्लोरीन गेला असे समजावे. विहीर खत दिलेल्या मळ्याला लागून असेल तर तिच्यात नायट्रेट आधीच उतरलेले असते. अशा पाण्याने पेटी भरणे म्हणजे घाण आत घालून मग बाहेर काढीत बसणे होय.

मिठागराचे मीठ का चालत नाही

‘समुद्राचे पाणी खारट, मिठागराचे मीठ समुद्राचेच, मग तेच का घालू नये?’ असा प्रश्न ठाणे जिल्ह्यात साहजिकच विचारला जातो. उत्तर मिठागरातच मिळते. वाफ्यात पाणी आटू लागले की चुन्याचे क्षार जिप्समच्या रूपाने आधी खाली बसतात. मग मीठ धरते. मॅग्नेशियमचे बहुतेक क्षार शेवटच्या कडवट पाण्यात राहून जातात, आणि ते पाणी सोडून देण्यात येते. म्हणजे मिठागरातून निघतो तो समुद्राचा एकच भाग. उलट समुद्राच्या प्रत्येक लिटरातील सुमारे ३५ ग्रॅम क्षारांत सोडियम व क्लोराइडखेरीज सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व बायकार्बोनेट यांचे प्रमाण ठरलेले असते. मॅग्नेशियम लिटरास सुमारे १,३०० मिलिग्रॅम व कॅल्शियम सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. हे प्रमाण साधलेले तयार मिश्रणच विकत घ्यावे. खाडीचे पाणी आणण्याचा मोहही आवरावा. खाडीत शहरांचे सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात तिचा खारटपणा पार उतरतो.

दहा लिटर पाण्यास ३५० ते ३८० ग्रॅम मिश्रण लागते. मिश्रण दमट झाल्यास वजन फसवे होते, म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा. आधी पाणी घ्यावे व त्यात मिश्रण थोडेथोडे सोडावे. मिश्रणावर पाणी ओतल्यास चुन्याचे क्षार गोळा होऊन पांढरा गाळ बसतो व तो पुन्हा विरघळत नाही. रात्रभर पंपाने घुसळू द्यावे आणि सकाळी घनता मोजावी. २५ अंश सेंटिग्रेड तापमानास विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ भरले म्हणजे पाणी तयार झाले. काट्याचे स्वस्त घनतामापक पुष्कळदा चुकीचे दाखवितात. शक्य असल्यास रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा.

अमोनिया : पहिल्या महिन्याचा शत्रू

आता मुख्य विषयाकडे वळू. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. गोठा दोन दिवस न काढल्यास डोळ्यांस जो झोंबतो, तोच हा वायू. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक निरुपद्रवी, दुसरे विषारी. यांपैकी विषारी रूपाचा वाटा पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो. सामू ७ असताना २५ अंश तापमानास तो वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, सामू ८.२ असताना, म्हणजे समुद्राच्या पाण्यात, सात-आठ टक्के होतो. गोड्या पाण्याच्या तळ्यात जेवढा अमोनिया मासा निभावून नेईल, तेवढाच खाऱ्या पेटीत त्याचा प्राण घेतो. नव्या पेटीतील मासे तिसऱ्या-चौथ्या दिवशी का मरतात, याचे उत्तर बहुधा येथे आहे.

शेतात घातलेल्या युरियाचा प्रथम अमोनिया व पुढे नायट्रेट होतो, हे शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. हे काम जमिनीतील जिवाणू करतात, हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास सिद्ध केले. पेटीतही त्याच जातकुळीचे जिवाणू काम करतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. मात्र हे जिवाणू फार सावकाश वाढतात. विरजणाचे दूध एका रात्रीत लागते, यांना चार ते सहा आठवडे लागतात. नवखा मनुष्य नेमकी हीच मुदत पाळीत नाही.

म्हणून पेटीत पाणी, खापरे, शिंपल्यांची भरड व पंप एवढेच असू द्यावे, मासा नको. रोज चिमूटभर खाद्य टाकीत जावे किंवा कोळंबीचा एक लहानसा तुकडा कुजू द्यावा. शेतीचे अमोनियम सल्फेट यासाठी वापरण्याची कल्पना काहींना सुचते, परंतु खताच्या प्रतीच्या रसायनात इतर द्रव्येही असतात. ती पेटीत घालू नयेत. दर तिसऱ्या दिवशी चाचणी-संचाने पाणी तपासून वहीत नोंद करावी. पहिल्याने अमोनिया चढेल. तो उतरू लागला की नायट्राइट चढेल. शेवटी दोन्ही शून्यावर येतील व नायट्रेट दिसू लागेल. खाद्य टाकल्यानंतर चोवीस तासांनीही अमोनिया व नायट्राइट शून्यच दिसले, म्हणजे पेटी ‘लागली’. जवळपास कोणाची जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्यातील एखादे खापर किंवा गाळणीचा स्पंज आणून विरजण म्हणून घालावा. मुदत पुष्कळ कमी होते.

नायट्राइटविषयी एक चांगली बातमी अशी की, खाऱ्या पाण्यात त्याचे विष सौम्य असते. गोड्या पाण्यात तो कल्ल्यांतून रक्तात शिरतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतके विपुल असते की त्याला आत शिरण्यास वावच थोडा मिळतो. त्यामुळे नायट्राइट दिसताच घाबरून जाऊ नये. अमोनिया दिसल्यास मात्र त्याच दिवशी पंचवीस-तीस टक्के पाणी बदलावे व दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. मासा आठवडाभर न खाता जगतो. अमोनियात तो एक रात्रही काढील याचा भरवसा नाही.

पेटी लागल्यावर एकदम सहा मासे आणू नयेत. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाच्या मानाने असते. एक जोडी आणावी, तीन आठवडे पाहावे, मग पुढची. आणखी एक खबरदारी : गाळणीचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टी.सी.एल.च्या पाण्याने महिनाभराची जिवाणूंची कमाई पाच मिनिटांत मरते. बदलासाठी काढलेल्या खाऱ्या पाण्यातच तो दोनदा पिळून काढावा.

नायट्रेट आणि भाताचे खाचर

अमोनियाचे नायट्रेट झाले म्हणजे धोका टळला, परंतु घाण गेली नाही. नायट्रेट साचत राहतो. त्याबरोबर खाद्यातील फॉस्फेटही साचतो. दोन्ही मिळून पेटीत हिरवे-तपकिरी शेवाळ माजवितात. खत घातल्यावर तण फोफावते तसाच हा प्रकार. शेवाळ खरवडून काढणे हा त्यावरील उपाय नव्हे.

आठवड्यास पाणी बदलल्याने नायट्रेट किती उतरतो, याबद्दल फार गैरसमज आहेत. समजा, पेटीत दर आठवड्यास लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते व दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलले जाते. काही महिन्यांनी पातळी ५० वर येऊन स्थिरावते. कारण ५० चा दहावा हिस्सा ५, म्हणजे जेवढे येते तेवढेच जाते. बदल दुप्पट करून पाचवा हिस्सा केला तर पातळी २५ वर येते, मात्र पाणी व क्षार दुप्पट लागतात. उलट खाद्य आवरून भर ५ ऐवजी २ वर आणली, तर त्याच दहा टक्के बदलात पातळी २० राहते. ज्या गावी पाणी मोलाचे आहे, तेथे हात खाद्याच्या डब्यावर आखडणे हाच किफायतशीर मार्ग होय. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच खाद्य टाकावे. तळाशी दाणा पडलेला दिसला की तो जास्त झाला असे समजावे. पाहुण्यांच्या मुलांनी डबा हाती घेतला की पेटी बिघडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

नायट्रेट घालविण्याची दुसरी वाट खाचरात पाहावयास मिळते. चिखलणी केलेल्या, पाणी उभे असलेल्या खाचरात वरवर नायट्रेटयुक्त खत टाकल्यास ते वाया जाते. चिखलाच्या वरच्या पातळ थराखाली प्राणवायू नसतो. तेथील जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू ओढून घेतात व नत्र वायुरूपाने उडून जाते. याचसाठी चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपीच्या ब्रिकेट सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात, म्हणजे नत्र अमोनियाच्या रूपात तेथेच धरून राहते. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे नुकसान, तेच पेटीवाल्याच्या दृष्टीने वरदान. जाड खापराच्या पोटात, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे हीच क्रिया चालते व नायट्रेट हवेत निघून जाते. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातील सजीव खडक व केवळ हवेचे बुडबुडे यांवर पेटी स्वच्छ राहू शकते, असे लिहून जगभरच्या हौशी लोकांचे लक्ष या गोष्टीकडे वेधले. खापरे पातळ न घेता जाड का घ्यावीत, हे यावरून कळेल.

तिसरे साधन म्हणजे प्रोटीन स्किमर. गुऱ्हाळात काहिलीतील रस उकळू लागला की वर मळी येते व ती झाऱ्याने काढतात. या यंत्रातही बारीक बुडबुड्यांच्या फेसाला पाण्यातील सेंद्रिय मळ चिकटून वर येतो व एका पेल्यात जमतो. कुजण्यापूर्वीच घाण बाहेर जाते, हे त्याचे वैशिष्ट्य. खाऱ्या पाण्यातच बुडबुडे पुरेसे बारीक राहत असल्याने गोड्या पाण्याच्या पेटीत ते चालत नाही. ऐपत असल्यास घ्यावे. मासे दोन-तीनच असतील तर त्यावाचून अडत नाही.

उन्हाळा, वीज आणि बाष्पीभवन

आटगावचा एप्रिल-मे पेटीस फार कठीण जातो. पाणी २५ ते २८ अंशांच्या दरम्यान असावे. बाहेर चाळिशी गाठली की पत्र्याच्या घरातील पेटी सहज ३२ अंशांवर जाते. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांस लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो; गोड्या पाण्यात सव्वाआठ. म्हणजे मुळातच तुटीचा कारभार. पेटी कौलारू भागात, उत्तरेकडील भिंतीशी ठेवावी व वरचे झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंखा सोडावा. माठातील पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने पेटी दोन-तीन अंश उतरते. पावसाळ्याच्या दमट हवेत हा उपाय फारसा लागू पडत नाही. परंतु तेव्हा त्याची गरजही नसते.

पंख्याने पाणी उडते. उडते ते केवळ गोडे पाणी. क्षार मागे राहतात. शंभर लिटरांतून पाच दिवसांत दहा लिटर उडाले व कोणी लक्ष दिले नाही, तर खारटपणा ३५ वरून जवळजवळ ३९ वर जातो. यावर खारे पाणी ओतणे ही नवख्याची ठरलेली चूक. त्याने खारटपणा आणखी वाढतो. काचेवर पातळीची खूण करून रोज सकाळी गोडे पाणीच त्या खुणेपर्यंत भरावे. एकदम पाच लिटर ओतण्यापेक्षा रोज एक-दीड लिटर बरे.

वीज गेल्यास तासा-दोन तासांत मासे अस्वस्थ होतात. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप मिळतो, तो घरात असावा. नसल्यास लोट्याने पेटीतीलच पाणी उचलून फूटभर उंचीवरून, चहा निवविताना ओततात तसे, दर पंधरा मिनिटांनी काही वेळ ओतीत राहावे. हे काम मुले आनंदाने करतात.

सामू, सोडा आणि चुन्याची निवळी

सामू ८.१ ते ८.४ असावा. तो पहाटे कमी व दुपारी जास्त असतो, म्हणून रोज एकाच वेळी मोजावा. नाही तर निष्कारण घाबरगुंडी उडते. पावसाळ्यात दारेखिडक्या बंद ठेवल्यास घरातील कर्बवायूने तो खाली येतो. अशा वेळी औषध शोधण्याआधी खिडकी उघडून पाहावी. पाण्याची क्षारता ‘डीकेएच’ या मापाने ८ ते १० राहिली म्हणजे सामू सहसा ढळत नाही. ती उतरल्यास खाण्याचा सोडा वापरावा. शंभर लिटरांस तीन ग्रॅम सोड्याने क्षारता एक अंशाने वाढते. तो गोड्या पाण्यात विरघळवून हळूहळू सोडावा व एका दिवसात एका अंशाहून अधिक वाढवू नये.

परदेशात प्रवाळपेट्यांसाठी चुन्याच्या निवळीचा वापर रूढ आहे. बोर्डो मिश्रण करणाऱ्या बागाईतदारास ही निवळी नवी नाही. परंतु तिचा सामू बाराच्या वर असतो आणि वाटीभर निवळी एकदम पडल्यास मासे मरतात. प्रवाळ नसलेल्या पेटीत तिची गरजही नाही.

शेतकऱ्याच्या घरातील खास धोके

शहरातील पुस्तकांत न सापडणारा हा भाग ग्रामसेवकांनी आवर्जून सांगावा. बोर्डो मिश्रण वा कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारून आलेला हात पेटीत गेल्यास, मोरचुदाचे अल्प अंशही कोळंबी, शंख व इतर बिनकण्याच्या प्राण्यांस मारतात. काही मत्स्यौषधांतही तांबे असते. मासे सोसतात, कोळंबी सोसत नाही. कीटकनाशकांपैकी पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांस अतिशय जहरी आहेत, आणि डास मारण्याच्या घरगुती फवाऱ्यांतही तीच असतात. हवेचा पंप खोलीतील हवा शोषून पाण्यात सोडतो, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. घरात फवारणी किंवा गावात धूरफवारणी व्हावयाची असल्यास पेटीवर ओले फडके टाकावे व पंप बाहेरच्या स्वच्छ हवेत ठेवावा. गोठ्याच्या भिंतीशी पंप ठेवणाऱ्याच्या पेटीत अमोनिया का हटत नाही, याचाही विचार करून पाहावा. फिनेलची बादली, खताची पोती व पेटी एका खोलीत नसावीत. पेटीसाठीचे पिंप, मग व फडके निराळे ठेवून त्यांवर खूण करावी.

काढलेल्या खाऱ्या पाण्याचे काय करावे

दर आठवड्यास निघणाऱ्या दहा लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम क्षार असतात. वर्षास अठरा किलो. हे पाणी परसातील भाजीला, कलमांना किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात घातल्यास जमीन हळूहळू खारवते. खाडीचे पाणी बांध फोडून शेतात शिरले म्हणजे काय होते, हे किनाऱ्यावरील खारभूमीचे शेतकरी जाणतात. ते दुःख पन्नास-साठ मैलांवर बादलीने वाहून आणू नये. विहिरीच्या आसपासही हे पाणी सांडू नये. पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या ओहोळात ते सोडल्यास बाधा होत नाही. मात्र पेटीतील मासे वा शंख कोणत्याही परिस्थितीत सोडू नयेत. कोरड्या दिवसांत उथळ प्लॅस्टिकच्या परातीत पाणी उन्हात ठेवावे. तीन-चार दिवसांत तळाशी क्षार उरतात. ते खरवडून जुन्या डब्यात साठवावेत आणि पावसाळ्यात पाण्याबरोबर वाहू द्यावेत. हे मीठ जनावरांना चाटावयास देऊ नये. त्यात पेटीतील मळ व कदाचित औषधांचे अंश असतात.